ओळखल्याशिवाय उघडू नको

नंदनवन, नागपूर
९ सप्टेंबर

मिनल,

फोन तू उचलत नाही. माझा नंबर तर बंदच करून ठेवला. तुझ्या शेजारच्या यमुताईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकल्याबरोबर कापला. म्हणून लिहून राहिली. सातवीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही हे तुले माहीत आहे, चुका काढत बसू नको, काय लिहिलं ते वाच.

भुलाबाई बसली. दरवर्षी नूपुर येते, मातीची भुलाबाई आणि भुलोजी पाटावर ठेवते, मग गल्लीतल्या पोरी गोळा होतात. यंदा पोरगी आलीच नाही. पोरी विचारून राहिल्या, मावशी, नूपुर कुठं आहे. काय सांगू? आई हैदराबादले औषधाच्या कंपनीत ट्रेनिंगले गेली आणि पोरगी इथंच बेस्याच्या घरी नव्या बापाजवळ ठेवली, हे सांगू?

मी तुले म्हटलं होतं, सहा महिन्याचा प्रश्न आहे, नूपुरले माझ्याजवळ ठेव. तू म्हणाली, ताई, तिचे पप्पा आहेत. तिचा पप्पा सुमंत होता. तो गेला. हा उन्मेष आहे.

तुले राग येईल. येऊ दे. साक्षगंधाच्या दिवशी मी बोलली त्याचा राग तू अजून धरून बसली आहे, पण मी पाहिलं ते पाहिलं. मी पंगतीत वरण वाढून राहिली होती. नूपुर चमच्यानं ताट वाजवत होती, लेकरू आहे, वाजवते. उन्मेषनं हसून तिच्या हातावर आपला हात ठेवला. सगळ्या बाया म्हणाल्या, किती माया आहे. मी पुन्हा भात घेऊन आली तरी हात तिथंच. मठ्ठा घेऊन आली तरी तिथंच. इकडे तो डाव्या हातानं पाणी पीत सगळ्यांशी गप्पा मारून राहिला. पंगत उठली तोवर पोरगी जेवलीच नव्हती, कारण तिचा उजवा हात त्याच्या हाताखाली होता. हे मी चारचौघात बोलली ते चुकलं असं तू म्हणते. कोपऱ्यात बोलली असती तर तू ऐकलं असतं काय?

आता कामाचं. रविवारी मी अनारसे घेऊन बेस्याले गेली. दाराले बाहेरून कुलूप. पण खिडकीतला कूलर चालू, पाणी टपटप खाली पडून राहिलं. घरी कोणी नाही तर कूलर कोणासाठी चालू होता? मी नूपुर, नूपुर म्हणून हाका मारल्या. उत्तर नाही. यमुताईच्या ओट्यावर बसून राहिली. मग तो एकटा स्कूटरवर आला. मले पाहून म्हणाला, नूपुर मैत्रिणीकडे खेळायला गेली आहे ताई, कूलर बंद करायचा राहिला. डबा घेतला, दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

सायंकाळी त्यानं फोनच्या स्टेटसवर फोटो टाकला. नूपुर झोपलेली आणि खाली लिहिलं, आमची परी झोपली. मिनल, त्या फोटोत खिडकीच्या पडद्यावर ऊन आहे. सायंकाळचं नाही, दुपारचं कडक ऊन. तुलेही तो रोज फोटो पाठवत असेल. नीट पाहाय.

उत्तर लिही. नाही तर नंबर चालू कर.

तुझी ताई


नंदनवन
१५ सप्टेंबर

मिनल,

तुझं उत्तर आलं नाही, पण तुझी पोरगी आली. उन्मेष स्वतः घेऊन आला. सोबत संत्रा बर्फी. म्हणाला, ताई, तुम्हाला तिची आठवण येत असेल म्हणून आणली. मी म्हटलं, आज कसं सुचलं? तो नुसता हसला. मले वाटलं, चला, माणूस सुधरून राहिला. आणि लगेच वाटलं, काहून सुधरून राहिला?

नूपुर वाळली आहे. डोळ्याखाली काळं. मी विचारलं, शाळेत जेवते ना वं? तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मान हलवली. तिच्या मॅडमनं डायरीत लिहिलं आहे म्हणे, की पोरगी वर्गात डेस्कवर डोकं ठेवून झोपते. हे त्यानंच मले सांगितलं, हसत हसत. म्हणाला, अशक्त आहे, मी ताकदीची गोळी सुरू केली आहे दुधासोबत. आता घरात कटकट नाही, वेळेवर झोपते. ताकदीच्या गोळीनं पोरं झोपतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. तुझ्या नवऱ्याले कटकट म्हणजे काय ते तुले माहीत असेल. यमुताई सांगते, त्या घरातून आता टीव्हीचाही आवाज येत नाही. आधी पोरगी दिवसभर घुंगरू बांधून नाचत होती.

पोरी जमल्या. गाणी झाली. नूपुर सगळ्यांसोबत गायली, पण खाली पाहून. मग खिरापत. तिनं आपला डबा आणला होता, तो तुझा जुना, झाकणावर मोर असलेला. बाकीच्या पोरींचे डबे ओळखून झाले, खारं की गोड, कुरकुरीत की मऊ, सगळं साग्रसंगीत. तिनं आपला डबा कोणाले हातच लावू दिला नाही. माझ्यासमोर धरला. मले दोन बायांच्या साड्यांचं पिको करून द्यायचं होतं, मशीनवर कापड तसंच पडलं होतं. मी न हलवताच म्हटलं, साखरफुटाणे. उघड.

"नाही मावशी. नीट हलव ना."

"मग फुटाणे. मले काम आहे वं, उघड लवकर."

तिनं उघडला नाही. उन्मेषनं फाटकातून हाक मारली तशी डबा पोटाशी धरून निघून गेली. स्कूटरवर बसली तरी डबा सोडला नाही. हट्टी आहे, तुझ्यावर गेली. तूही अशीच होती, हरले म्हटल्याशिवाय उघडू देत नव्हती.

गेल्यावर मशीनवर बसली पण टाके वाकडे जाऊन राहिले. ती तिथं एकही शब्द जास्तीचा बोलली नाही, मिनल. आठ वर्षाची पोरगी. माझं डोस्कं दुखवते ती, इतकी बोलते.

ये दोन दिवस सुटी काढून. एवढंच म्हणते.

ताई


नंदनवन
२१ सप्टेंबर

मिनल,

मले आता कळलं माझ्या पत्रांचं तू काय करते.

काल तो माझ्या शिलाईच्या दुकानात आला. एकटा. बायांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसला. पाणी मागितलं. मग म्हणाला, "ताई, कूलर कोणासाठी चालू होता, हे तुम्ही मलाच विचारायचं होतं. मिनलला कशाला त्रास?"

मी हे त्याले बोलली नव्हती. कोणालेच बोलली नव्हती. फक्त कागदावर लिहिलं होतं, आणि तो कागद पोस्टात टाकून तुले पाठवला होता. त्यानं फोन काढून दाखवला. माझं अक्षर. दोन्ही पत्रं. तू फोटो काढून त्याले पाठवले. अक्षर छान आहे म्हणाला तुमचं. पंगतीतल्या हाताचं वाचून फार हसलो म्हणाला. हसला असेल. आणि मग त्या दिवशी बर्फी घेऊन काहून आला होता तेही मले कळलं.

मी तुझी मोठी बहीण आहे. माय गेली तेव्हा तू नूपुरएवढी होती. तुझ्या केसाले तेल मी लावलं, तुझ्या फीचे पैसे मी... जाऊ दे. तू माझा कागद त्याच्या हातात दिला.

पुढं काय म्हणाला ते ऐक. म्हणाला, शाळेत तिचं लक्ष लागत नाही, वातावरण बदलायला पाहिजे. दसरा झाला की तिला माझ्या भावाकडे नाशिकला नेतो, तिथंच शाळेत घालतो. मिनलशी बोलणं झालं आहे, तिची हरकत नाही. आणि तुम्ही आता बेस्याला येण्याची तसदी घेऊ नका. हे सगळं इतक्या हळू आवाजात की साडी द्यायले आलेल्या बाईले वाटलं आम्ही घरची चौकशी करून राहिलो.

तुझी हरकत नाही? खरंच तू असं म्हणाली? त्या भावाले तू पाहिलं तरी आहे का? लग्नाले तर तो आला नव्हता.

मी ठाण्यावर जाऊन आली. तिथल्या बाईनं बसवलं, ऐकलंही. मग विचारलं, तुम्ही कोण? मावशी. आईची तक्रार आहे का? नाही. मारल्याच्या खुणा आहेत का? मले माहीत नाही, मले पोरीले हात लावू देत नाही. ती म्हणाली, आईला घेऊन या.

म्हणून लिहून राहिली. पाठव हाही कागद त्याले. वाचा दोघं. उन्मेष, तू वाचून राहिला असशील तर ऐक, मी घाबरली आहे. खूश हो. माझी शिलाई बंद आहे दोन दिवसांपासून, सुई दिसत नाही मले. पण मी नंदनवनातून कुठं जाणार नाही.

मिनल, दसऱ्याच्या आधी ये. नाशिकले गेल्यावर तो दार उघडणार नाही.

ताई


नंदनवन, नागपूर
२४ सप्टेंबर

चि. सौ. मिनल हिस,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. देवीचे दिवस चालू आहेत, घरी घट बसवले आहेत.

मागल्या पत्रात मी फार बोलली. रागात माणूस काहीही लिहिते. मी काल बेस्याले गेली आणि उन्मेषरावची हात जोडून माफी मागितली. फाटकाजवळ यमुताई उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मागितली. ते मोठ्या मनाचे आहेत, म्हणाले जाऊ द्या ताई, झालं गेलं विसरून जा. चहा दिला. नूपुरले नाशिकले नेण्याचा विचार चांगला आहे, तिथली हवा चांगली आहे. माझी काही हरकत नाही आता.

त्यांनी नूपुरले व्हरांड्यात थोडा वेळ माझ्याजवळ बसू दिलं. आम्ही खिरापत खेळलो. तिनं मोराचा डबा आणला. मी कितीही हलवला तरी मले ओळखता आलं नाही. म्हटलं, घरी नेऊन विचार करते. उन्मेषराव हसले, न्या म्हणाले, पोरींचे फुटाणे आहेत, तुम्हाला चावणार नाहीत. ते खरंच विनोदी आहेत.

घरी आणूनही मले काही ओळखता आलं नाही, म्हणून तोच डबा तुले पाठवून राहिली. तू लहानपणी यात हुशार होती, कान लावून लावून ऐकायची. तिकडे तुले भुलाबाई नाही, खिरापत नाही, तेवढीच मजा. नियम तोच. ओळखल्याशिवाय उघडू नको. आणि ओळखता नाही आलं तर हरले म्हण, मग उघड. हरले म्हणण्यात लाज नाही, मीही म्हटलं.

पत्राचा फोटो उन्मेषरावले जरूर पाठव, त्यांनी माझी माफी लिहून पाहिजे म्हटलं होतं.

जास्त काय लिहावे. तब्येतीले जप.

तुझी,
सौ. प्रेमलता


नंदनवन
२५ ऑक्टोबर

मिनल,

आता सरळ लिहिता येते. पत्र तुझ्या नावानं नाही, तुझ्या कंपनीतल्या त्या रितिका मॅडमच्या नावानं पाठवून राहिली, तू सांगितलं तसं. पोस्टातल्या माणसानं विचारलं हैदराबादले कोण आहे, मी म्हटलं तुले काय करायचं गा, तिकीट लाव.

तू विचारलं, तुले कसं कळलं ताई. इथं असताना विचारायले वेळच नव्हता, ठाणं आणि डॉक्टर यातच दिवस गेले. तर ऐक.

मी माफी मागायले गेली ती माफीसाठी नाही गेली. मले फक्त पोरगी पाहायची होती, आणि दुसरा रस्ता नव्हता. हात जोडताना दात असे दाबून धरले होते की जबडा दुखून राहिला. यमुताई सगळं समजल्या, म्हाताऱ्या आहेत पण बावळट नाही, तोंडावर पदर धरून आत निघून गेल्या.

नूपुर डबा घेऊन आली. तो समोर खुर्चीवर, फोन पाहत. मी डबा हलवला. ह्या वेळी नीट हलवला, कान लावून. फुटाणे वाजतात तसं नाही, शेंगदाण्यासारखं नाही. बारीक, कोरडं, आणि कापडात गुंडाळल्यासारखं. मी तिले विचारलं, खारं की गोड? ती म्हणाली, कडू. खिरापत कडू कधी असते वं मिनल? माझा हात थांबला. मी विचारलं, घरी बनवलेलं की दुकानातलं? दुकानातलं. कोणी आणलं? तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, नुसतं खाली जमिनीकडे पाहिलं. मी विचारलं, केव्हा खायचं असते? म्हणाली, दुधासोबत. तो फोनमध्येच. पोरींचा खेळ, त्याले त्यात काय ऐकायचं. तितक्यात त्यानं मान वर केली, म्हणाला, काय आहे मग? सांगा, हरलात का?

हरले म्हटलं असतं तर नियमानं डबा तिथंच उघडावा लागला असता. तिच्या चेहऱ्याचा रंग गेला. मी म्हटलं, मी कशाची हरते, घरी नेऊन विचार करते. ज्या मावशीनं आयुष्यात विचार करून अंदाज केला नाही ती म्हणून राहिली विचार करते. त्याले काही खटकलं नाही. पोरीले खटकलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.

घरी येऊन दार लावून उघडला. तुझ्या हातचा रुमाल, नूपुर असं नाव काढलेला, त्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या. थोड्या ओल्या होऊन वाळलेल्या, कोपऱ्यावर दात लागलेले. गालात धरून ठेवायची आणि तो गेला की थुंकायची. ठाण्यावर तिनं त्या बाईले काहून थुंकली ते सांगितलं तेव्हा तू बाहेर सही करून राहिली होती, म्हणून लिहिते. म्हणाली, गोळी खाल्ली की झोप येते आणि भुलाबाईची गाणी होऊन जातात. बस. इतकंच. तिले जीव वाचवायचा नव्हता, तिले गाणी म्हणायची होती. आधी खरंच झोपत होती, कुलूप लावून तो बाहेर जात होता तरी हिले पत्ता नाही. मग थुंकायले लागली, आणि झोपेचं सोंग करायले शिकली. ते शेवटचे फोटो पुन्हा पाहाय. डोळे कसे दाबून मिटले आहेत. झोपलेल्या पोराचे डोळे असे नसतात.

आणि पहिल्या वेळी तिनं माझ्यासमोर डबा धरला तेव्हाही त्यात हेच होतं. मी म्हटलं, साखरफुटाणे.

एक तुकडा मी आमच्या मेडिकलवाल्याले दाखवला. त्यानं उलटून पाहिला, म्हणाला, प्रेमलताताई, ही मोठ्या माणसाची झोपेची गोळी आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी कोणाले देत नाही, लेकराच्या हातात आली कशी? फोटो काढून तुले पाठवता येत नव्हता, माझा नंबर तू बंद केलेला. पत्रात लिहिलं असतं तर तुझ्या आधी त्यानं वाचलं असतं. मग सुचलं, कागदाचा फोटो निघते, डब्याच्या आवाजाचा निघत नाही. तू दिवसभर कंपनीत गोळ्याच तपासते. तुले सांगायची गरज नव्हती, तुझ्यासमोर फक्त उघडायले पाहिजे होता. आणि मी तुले कधी अनेक आशीर्वाद लिहिते काय? तिथंच तुले समजलं पाहिजे होतं की ताईचं काही तरी बिघडलं आहे.

पार्सल पोहोचेपर्यंत मी पाणीसुद्धा नीट प्यायली नाही. तू डबा न उघडता कपाटात टाकला तर? त्यालेच फोन करून विचारलं तर, खिरापत काय आहे? मग तुझ्या नंबरवरून फोन आला. इतक्या दिवसांनी. तू फक्त एक शब्द बोलली.

"हरले."

आणि रडून राहिली. मी म्हटलं, रडू नको, गाडी पकड. माझ्या आवाजात दुसरं काही होतं तर ते तुले ऐकू गेलं नसेल, मी लवकर ठेवला.

बाकी तू पाहिलंच. तो दार उघडताना हसत होता, तुझ्यामागं पोलीसवाली बाई पाहिली तरी हसत होता. मिनल, अशी न सांगता आलीस, म्हणाला. नूपुरची बॅग भरलेली होती. तू माझ्याशी तेव्हापासून पुरी बोलली नाही, कामापुरतं बोलते. नको बोलू. मले राग तुझाही आहे अजून, त्या फोटोंचा. दोघींचे राग हळूहळू उतरतील. नाही उतरले तर तसंच चालवू.

आता जे सांगायचं होतं ते. तो जामिनावर बाहेर आला आहे. काल दुकानात आला. भाऊबीज नुकतीच झाली होती, बायांची गर्दी होती, तो रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा पिशवीतून तुझी हिरवी साडी काढली, पदर उसवलेला. म्हणाला, पिको करून ठेवा ताई, ती आली की घालेल. मग जाता जाता म्हणाला, "घर आता फार शांत आहे." तक्रार केल्यासारखं नाही. सांगितल्यासारखं.

माझे हात मशीनखाली होते म्हणून त्याले दिसले नाहीत. साडी मी कापली नाही, जाळली नाही, जशीच्या तशी ठाण्यावर नेऊन दिली आणि लिहून घ्यायले लावलं. तुझा पत्ता मी कोणाले सांगणार नाही. यमुताईलेही नाही. तू नवी खोली घेतली तिथं दाराले आतून कडी आहे ना? पाहाय. नसली तर लावून घे, मालक काय म्हणते त्याची वाट पाहू नको.

तू लिहिलं की नूपुर अजून दुधाच्या पेल्याले तोंड लावत नाही, आणि शाळेचा डबा कानाजवळ धरून हलवते, मगच उघडते. तू म्हणते, किती दिवस चालेल हे, उशीर होते शाळेले. होऊ दे उशीर. तिले हलवू दे. तू मधात उघड म्हणू नको. आपल्या घरात घाई करणारी एक पुरे आहे.

सोबत खिरापत पाठवून राहिली. ह्या वेळी मोराच्या डब्यात नाही, तो पोलिसांजवळच आहे. दुकानातून आरपार दिसणारी प्लास्टिकची बरणी आणली. साखरफुटाणे आहेत. ओळखायचं काही नाही, नूपुरले बाहेरूनच दिसतील.

ताई